सुपारी कुणाची घ्यायची

कलाकाराच्या नैतिकतेची चर्चा आपल्याकडं निघाली की ती हमखास बाईच्या पदरापाशी नाहीतर गड्याच्या ग्लासापाशी जाऊन थांबते. लावणी करणारी कुणाबरोबर राहते, ऑर्केस्ट्रातला गायक किती पितो, नाटकात काम करणाऱ्या पोरीचं अजून लग्न का झालं नाही, यावर पानटपरीवर तासन् तास बोलायला लोकांकडं वेळ असतो. पण तोच गायक इलेक्शनमधे कुणाचे पैसे घेऊन काय गातो, त्या लावणीवाल्या बाईला ठरलेले पैसे मिळाले का, आणि टीव्हीवरचा हिरो ज्या पुडीचं कौतुक करतो तसल्या पुड्या खाऊन आपल्या तांड्यावरच्या पोरांची तोंडं उघडायची बंद झाली त्याचा जाब कुणाला विचारायचा, हे प्रश्न निघतच नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. कलाकाराचं चारित्र्य बघायचंच असंल तर तो सुपारी कुणाची घेतो आणि कुणाची परत करतो तिथं बघा, आणि नाही म्हणायची ताकद ज्याच्याकडं जास्त त्याला जास्त कडक विचारा. आपण बरोबर उलटं करतो. जिच्याकडं काहीच नाही तिला धारेवर धरतो आणि ज्याच्याकडं सगळं आहे त्याच्यासोबत सेल्फी काढायला धावतो.

सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग, बँडवाल्यापासून तमाशाच्या फडापर्यंत सगळे असंच म्हणतात. मी कॉलेजात होतो तेव्हापासून ढोलकी वाजवतोय, पुढं कीबोर्डवर बसायला लागलो. एप्रिलमधे भीमजयंतीच्या गायन पार्ट्या, उन्हाळ्यात लग्नाचे ऑर्केस्ट्रा, मधेआधे कुणाच्या सप्ताहात पेटीला माणूस कमी पडला तर तिथं, आणि इलेक्शन आलं की प्रचारगीतांची रेकॉर्डिंग. बीड, परभणी, हिंगोली, नांदेड हा आमचा पट्टा. त्यामुळं हे जे लिहितोय ते लांबून बघितलेलं नाही.

आधी मोठ्यांचं बोलू. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी मराठवाड्यातल्या कुठल्याही बसस्टँडवर उभं राहा, पायाखाली रिकाम्या पुड्यांचा थर दिसंल, कारण पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी अशा दोन वेगळ्या विकतात आणि गिऱ्हाईक हातावर एकत्र करतं. आणि जाहिरात कशाची, तर वेलचीची. त्याच नावाची, त्याच रंगाची, आणि त्यात देशातले सगळ्यात श्रीमंत नट. 2021 मधे अमिताभ बच्चन अशाच एका जाहिरातीतून बाहेर पडले आणि घेतलेले पैसे परत केले. 2022 मधे अक्षय कुमारनं जाहीर माफी मागितली आणि पुन्हा अशी जाहिरात करणार नाही म्हणाला. दोन्ही वेळेस आधी लोकांनी आरडाओरडा केला होता, मगच ते मागं आले, हे खरं आहे. पण मला त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते ती ही की ओरडल्यावर ते मागं येतात. म्हणजे लोकांच्या बोलण्यात ताकद आहे, फक्त ती आपण भलतीकडं खर्च करतो. दक्षिणेतली साई पल्लवी, तिनं तर गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात कुणी ओरडायच्या आधीच नाकारली, कारण बघणाऱ्या पोरींना त्याच्यानं आपल्या रंगाची लाज वाटते हे तिला माहीत होतं. ज्याच्या घरात पुढच्या दहा वर्षांचं पीठमीठ भरलेलं आहे त्याला नाही म्हणायला काय जातं? काहीच जात नाही. आणि तरीही जो नाही म्हणत नाही, त्याच्याबद्दल आपण "मोठा कलाकार, फार कष्टातून वर आला" असं बोलतो. कष्टातून वर आला असंल, कबूल, पण कष्टातून वर येऊन तू आमच्या पोरांच्या तोंडात काय घातलंस हे विचारायचा हक्क आम्हाला आहे.

आता दुसऱ्या टोकाला या. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार, वाघ्या-मुरळी, गोंधळी, आणि लोककलेचे कार्यक्रम, त्यात लावणी. तिथं ज्यांनी लावणीला टाळ्या मारल्या, शिट्ट्या मारल्या, दौलतजादा म्हणून नोटा धरल्या, तीच माणसं घरी येऊन त्या बायांबद्दल जे बोलतात ते मला लिहिता येणार नाही. मी स्टेजच्या मागं बसलेलो असतो म्हणून मला दिसतं. पत्र्याच्या नाहीतर कापडाच्या आडोशात सात-आठ जणी तयार होत असतात, एक आरसा, एक बल्ब. नऊवारी, पायात दोन्ही मिळून काही किलोचे घुंगरू, ते बांधायलाच किती वेळ जातो. कुणाचं लेकरू पेटीवर झोपलेलं असतं आणि आडोशाला फट पडली की बाहेरून चार मोबाईल आत येतात. एकदा त्यातलीच एक मावशी मला म्हणाली, "दादा, नाचायचं मला काहीच नाही वाटत, नाचणं मव्हं कामच हाय. पण लघवीला कुठं जावं ह्याचं रोज नव्यानं कोडं पडतंय बघा." हजारो माणसं जमवणाऱ्या यात्रेत जर कलाकार बाईला संडास नाही, तर तिथं नीतीचा प्रश्न नेमका कुणापुढं ठेवायचा? तिच्यापुढं? मला तर तिच्या जागी बसून नीतिमत्तेवर एक शब्द ऐकून घेणं जमलं नसतं.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, त्या कनातीच्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. लोकांच्या लक्षात आलं तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला असं सांगतात. ही गोष्ट आपण "कलेवरची निष्ठा" म्हणून सांगतो, भाषणात सांगतो, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यात पाणी येतं. निष्ठा होतीच, विठाबाईंसारखी कलावंत शतकात एखादी होते. पण त्या गोष्टीत दुसरंही काहीतरी आहे आणि ते आपण गिळून टाकतो. फडात पन्नास-शंभर माणसांची पोटं असतात, खेळ बंद पडला तर त्या रात्रीचं तिकीट परत द्यावं लागतं, कनाती फाटतात, मारामाऱ्या होतात. त्या बाईच्या अंगावर ते सगळं ओझं होतं. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळालेल्या या बाईचे शेवटचे दिवस हालात गेले आणि 2002 मधे त्या गेल्या. निष्ठा निष्ठा म्हणून आपण टाळ्या वाजवतो तेव्हा खरं तर त्या निष्ठेची किंमत आपण दिलेली नसते, तिनं एकटीनं दिलेली असते.

याच्या जोडीला मला नेहमी आठवते ती बाबासाहेबांची आणि पठ्ठे बापूरावांची गोष्ट. बापूराव जन्मानं ब्राह्मण, तमाशापायी घरदार सोडलेला माणूस, महार समाजातल्या पवळा या नाचणाऱ्या बाईबरोबरची त्यांची जोडी सगळ्या महाराष्ट्रात गाजलेली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी आपल्या खेळांचं उत्पन्न चळवळीला द्यायची तयारी दाखवली. चळवळीला पैशाची किती गरज होती हे सांगायला नको. बाबासाहेबांनी नाही म्हणून सांगितलं. आमच्या समाजाच्या बायकांना बोर्डावर नाचवून मिळवलेला पैसा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. यावर आजही दोन मतं आहेत, कुणी म्हणतं बापूरावांवर अन्याय झाला, ते मनापासून देत होते. असतीलही. पण मला त्या नकारात जे दिसतं ते असं की पैसा देणाऱ्याचं मन चांगलं आहे का वाईट हे बाबासाहेबांनी बघितलंच नाही, पैशाच्या मागं कोण उभी आहे आणि तिला काय भोगावं लागतंय हे बघितलं. पुढं 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि मंडळींनी आंबेडकरी जलसे काढले, तेव्हा तमाशाचाच बाज घेतला, ढोलकी तीच, सवाल-जवाब तसेच, पण बाईला नाचवणं काढून टाकलं. गावकीची कामं करणारी, मजुरी करणारी ही माणसं. तमाशात पैसा होता, जलशात भाकरी मिळायची आणि कधीकधी दगड. तरी गेले. म्हणून जेव्हा कुणी मला सांगतं की नैतिकता हे भरल्या पोटाचं लाड आहेत तेव्हा मला ते पटत नाही, आमच्याच लोकांनी रिकाम्या पोटी ती पाळून दाखवलीय. मी फक्त एवढंच म्हणतो की रिकाम्या पोटी जो पाळतो त्याला डोक्यावर घ्या आणि ज्याला नाही जमलं त्याच्यावर थुंकू नका. भरल्या पोटी ज्याला जमत नाही त्याला मात्र सोडू नका.

मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत हा प्रश्न फार जवळ येऊन बसलाय. 1 सप्टेंबर 2023 ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीचार्ज झाला आणि त्याच्यानंतर इथलं सगळं वातावरणच बदललं. ऑक्टोबरच्या शेवटी बीडमधे पुढाऱ्यांची घरं जाळली. मग लोकसभा, मग 20 नोव्हेंबर 2024 चं विधानसभेचं मतदान. या काळात गाण्यांना जी मागणी आली ती मी आधी कधीच बघितली नव्हती. आंदोलनाची गाणी, नेत्यांची गाणी, इथपर्यंत ठीक आहे, आपल्या मागणीसाठी गाणं म्हणणं ही तर शाहिरीच झाली. पण त्याच्या पोटात दुसऱ्या जातीला डिवचणारी, टोमणे मारणारी, धमकीची गाणी यायला लागली, दोन्ही बाजूंनी, डीजेवर वाजली, मोबाईलवर फिरली.

एका रेकॉर्डिंगला मी कीबोर्डवर होतो. छोटा स्टुडिओ, दहा बाय बाराची खोली, भिंतीला फोम चिकटवलेला, टेक चालू असताना कूलर बंद करावा लागतो कारण त्याचा आवाज माईकमधे येतो, त्यामुळं सगळे घामानं भिजलेले. गाणारा पोरगा पंचविशीच्या आतलाच, आवाज असा की वरच्या पट्टीत गेला तरी चिरत नाही. दिवसा एका मोबाईलच्या दुकानात काम करायचा. शब्द व्हॉट्सॲपवर आलेले, सुपारी घेऊन आलेला माणूस बाजूला खुर्चीवर बसलेला, पैसे रोख आणि नेहमीपेक्षा जास्त. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. दुसऱ्या अंतऱ्यात शेजारच्या जातीच्या बायकांबद्दल एक ओळ होती. पोरानं ती ओळ वाचली, परत वाचली, हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, हे मी नाही म्हणणार." माणूस म्हणाला, तू कशाला टेन्शन घेतो, लिहिलंय दुसऱ्यानं, तू फक्त म्हण. तो म्हणाला, "लिहिणाराचं नाव कुणाला माहीत नसतंय, आवाज मव्हा हाय." आम्ही पण मग साहित्य आवरलं. संध्याकाळपर्यंत त्या माणसानं दुसरा गायक शोधला, गाणं झालं, फिरलं.

आता कुणी म्हणंल की मग काय उपयोग झाला, गाणं तर आलंच. हा प्रश्न खोटा नाही. त्या पोराच्या नकारानं काहीच थांबलं नाही, उलट त्याचे पैसे गेले आणि त्या माणसाच्या ओळखीतली पुढची कामंही गेली. पण तो ज्या गल्लीत राहतो तिथं दोन्ही जातींची लग्नं त्याच्याच गाण्यावर लागतात. आमच्या इथं 1978 ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी दलित वस्त्या जळालेल्या आहेत, त्या आठवणी अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतात, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला 1994 उजाडलं. अशा मुलखात आवाज ज्याच्याकडं आहे त्यानं तो कशाला वापरायचा हे त्याचं खाजगी राहत नाही. आणि एक बदल मी स्वतः बघितलाय, त्या दिवशी खोलीत जे वाजवणारे होते ते आता इसार घ्यायच्या आधी शब्द मागतात. आधी ट्रॅक वाजवायचा आणि पैसे घेऊन निघायचं अशी पद्धत होती. धंद्याची नीती अशीच तयार होत असावी, एका माणसानं अडवलं की बाकीच्यांना विचारायला तोंड येतं.

प्रचारगीताबद्दल माझं मत कदाचित काहींना सैल वाटंल. सकाळी एका पक्षाचं गाणं आणि दुपारी त्याच चालीवर नाव बदलून दुसऱ्या पक्षाचं, हे आम्ही करतो. बोर्ड रंगवणारा पेंटर सगळ्या पक्षांचे बोर्ड रंगवतो तसंच ते आहे. उमेदवाराचं नाव, चिन्ह, "निवडून द्या" यात कुणाची फसवणूक नाही, ऐकणाऱ्याला माहीत असतं की हे पैशाचं गाणं आहे. पण जो कलाकार स्वतःला शाहीर म्हणवतो, लोकांचा आवाज म्हणवतो, त्याला मात्र हे करता येणार नाही, कारण लोक त्याचं गाणं पैशाचं म्हणून ऐकत नाहीत, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ऐकतात. विश्वास घेतला की हिशोब बदलतो. आणीबाणीत किशोर कुमारला काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला बोलावलं, तो गेला नाही, तर 1976 मधे आकाशवाणीवरून त्याची गाणीच बंद केली. तो काही क्रांतिकारक नव्हता, पैशाच्या बाबतीत तर त्याचे किस्से सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याला जिथं ताठ उभं राहायचं होतं तिथं तो राहिला. त्याच्या आधीच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध केला आणि पुढं तुरुंगात गेल्या. त्या दोघांची राहणी, स्वभाव, नीतीच्या कल्पना यात काडीचंही साम्य नसंल, तरी नाही म्हणायच्या वेळेला दोघंही नाही म्हणाले आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

कीर्तनाचं बोलल्याशिवाय मराठवाड्यात हा विषय पुरा होत नाही. आमच्याकडं प्रत्येक गावात हरिनाम सप्ताह, आणि प्रत्येक सप्ताहात कमिटीची एकच चर्चा, कोणते महाराज आणि पाकीट किती. तुकोबांनी तर स्वच्छ सांगून ठेवलंय, जेथे कीर्तन करावे तेथे अन्न न सेवावे, आणि कीर्तनाचे पैसे घेणारे आणि देणारे दोघंही नरकात जातात इथपर्यंत ते गेले. हा अभंग आजकाल लोक कीर्तनकारांच्या तोंडावर फेकतात. मला वाटतं त्यात थोडी घाई होते. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, मग हा नियम सांगितला, आधी स्वतःला लावला. आज आमच्या खेड्यातलं कोरडवाहू शेतकऱ्याचं पोरगं आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत चार वर्षं राहतं, माधुकरी मागून खातं, पाठांतर करतं, मृदंग शिकतं, परत येतं तेव्हा घरी दोन एकर आणि बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज. त्यानं गाडीभाडं आणि चार पैसे घेतले तर मी त्याला पापी म्हणणार नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. हजारो बाया समोर बसलेल्या असताना व्यासपीठावरून बायकांच्या कपड्यांवर, सुनांवर, काळ्या पोरींवर विनोद करायचे, हशा मिळवायचा, आणि त्या हशाच्या जोरावर पाकीट वाढवायचं, हे जे चाललंय ते तुकोबांच्या नियमात आणखी वाईट बसतं. पाकीट घ्या महाराज, पावती द्या, पण ते ज्याचं घेताय ते ज्ञानोबा-तुकोबांचं असू द्या. आणि पैठणच्या नाथांकडं बघा. एकनाथ महाराजांनी भारुडात महार, जोशी, गोंधळी, वासुदेव अशा कितीतरी माणसांची सोंगं घेतली, लोकांना हसवलं, पण ज्यांची सोंगं घेतली त्यांच्या पंक्तीला बसायची त्यांची तयारी होती म्हणून त्यांच्याच लोकांनी त्यांना वाळीत टाकलं अशा कथा सांगतात. हसवणं आणि हिणवणं यातला फरक या मातीत चारशे वर्षांपूर्वी कळलेला होता.

उलट बाजूनंही गोंधळ होतोच. जे वाईट दाखवतात ते वाईटच असणार असं लोक धरून चालतात. निळू फुल्यांना खेड्यापाड्यातल्या बायकांनी किती शिव्याशाप दिले असतील, आणि तो माणूस कसा, तर पुण्यात माळीकाम करून राष्ट्र सेवा दलासाठी आपल्या कमाईतला वाटा काढून ठेवणारा. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी निळूभाऊ, डॉ. श्रीराम लागू आणि मंडळींनी नाटकाचे प्रयोग केले, तो पैसा चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना जावा म्हणून. डॉ. लागूंचं तर देवाबद्दलचं मत लोकांना बिलकूल आवडायचं नाही, तरी ते त्यांनी नाटकाची तिकिटं कमी खपतील म्हणून लपवलं नाही. भूमिकेतला माणूस आणि खरा माणूस एक समजायचं आपण बंद केलं तर निम्मे वाद मिटतील.

पण याच्यातच एक फसवी वाट आहे आणि ती मला फार खुपते. "कला वेगळी, कलाकार वेगळा" असं म्हणून जिवंत माणसाच्या जिवंत अपराधावर पांघरूण घालायचं. इटलीतला चित्रकार काराव्हाज्जो, त्यानं 1606 मधे माणूस मारला, त्याची चित्रं आज चर्चमधे आहेत, बघा की, मेलेल्या माणसाला आपण पैसेही देत नाही आणि त्याच्या हाताखाली कुणाची पोरही पाठवत नाही. प्रश्न आहे तो आज तालीम घेणाऱ्या सरांचा, आज क्लास चालवणाऱ्या गुरुजींचा. आमच्या जिल्ह्यांमधून एकांकिका करायला येणाऱ्या पोरी घरच्यांशी भांडून येतात, शेवटची एसटी चुकली तर घरी उत्तर काय द्यायचं याची धाकधूक घेऊन तालमीला थांबतात. अशा पोरीला दिग्दर्शक "भूमिकेत शिरायला मोकळं व्हावं लागतं" म्हणून नको तिथं हात लावतो आणि बाकीचे म्हणतात, जाऊ दे, सर तसलेच आहेत, पण टॅलेंट बघ. हे वाक्य मी ऐकलंय, एकाच गावात नाही. कलेची ओढ म्हणून जे काही सोसायला लावतात त्यात सगळ्यात घाण हे आहे, कारण त्या पोरीची ओढ खरी असते आणि तिचाच वापर होतो. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती पाहिजे, आणि त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. नाट्यसंस्थांनी, क्लासवाल्यांनी, आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी सुद्धा, तालमीच्या खोलीत त्या समितीचा पत्ता आणि फोन भिंतीवर लावला पाहिजे. सरांना राग आला तर येऊ द्या.

आणि शेवटी पैशाचं, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. आवड आहे ना तुम्हाला, मग पैसे कशाला मागता, हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक कलाकारानं ऐकलंय. लाईटवाल्याला, मंडपवाल्याला, जेवणाच्या आचाऱ्याला कुणी असं म्हणत नाही. आवड असणं हा काही गुन्हा नाही की त्याचा दंड भरावा. साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेबांमधे रॉयल्टीवरून वाद झाला, रफीसाहेबांचं म्हणणं एकदा मेहनताना घेतला की संपलं, लताबाईंचं म्हणणं गाणं विकतंय तोवर गाणाऱ्याचा वाटा पाहिजे, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. दोघंही सचोटीची माणसं. रफीसाहेबांच्या त्या साधेपणाबद्दल लोक अजून हळवे होतात, पण मी लताबाईंच्या बाजूनं आहे, कारण रफीसाहेबांचं औदार्य ज्याला परवडतं त्याला शोभतं, बाकीच्यांना त्यानं लुबाडलं जातं. 2012 मधे कॉपीराइट कायद्यात बदल होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. आमच्या गायन पार्ट्यांतल्या किती कवींची गाणी कॅसेटवाल्यांनी, पुढं सीडीवाल्यांनी आणि आता यूट्यूबवाल्यांनी उचलली, एक रुपया दिला नाही, शेवटच्या कडव्यातलं कवीचं नाव सुद्धा गाळून टाकलं. वामनदादा कर्डकांच्या शेवटच्या ओळीतला "वामन" लोकांना पाठ आहे म्हणून तो टिकला. ज्यांची नावं पाठ नव्हती ती गेली. हक्काचे पैसे मागणाऱ्या कलाकाराला लालची म्हणणं बंद करा, तो मागतो म्हणूनच उद्या घाण सुपारी आली तर परत करू शकतो.

सरकार पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना महिन्याला मानधन देतं, 2024 पासून ते 5000 रुपये केलं. ही चांगली गोष्ट आहे. पण निवड जिल्ह्याची समिती करते, आणि संबळ वाजवण्यात उमर गेलेल्या आराध्याला, पोतराजाला, कला केंद्रातल्या म्हाताऱ्या बाईला कागद जमवायचे म्हणजे ग्रामसेवकापासून सुरुवात, मग तिला कुणीतरी सांगतं की अमक्या साहेबांची शिफारस आण. ज्या साहेबाच्या शिफारशीवर म्हातारपण अवलंबून, त्याच्या वाढदिवसाला गायला नाही कसं म्हणायचं? हे मानधन कलेचे पुरावे बघून आणि शिफारशीशिवाय मिळालं तर उद्या कितीतरी जणांच्या मानेवरचा हात निघंल.

बाकी कामं तर गावातल्या गावात होण्यासारखी आहेत, त्याला कुणाच्या जीआरची गरज नाही. यात्रा कमिटीनं, जयंती मंडळानं, सप्ताहाच्या मंडळींनी सुपारी देतानाच साध्या कागदावर लिहावं, रक्कम किती, त्यातली अर्धी इसार म्हणून आणि उरलेली कार्यक्रमाच्या आधी, कार्यक्रमानंतर पहाटे तीन वाजता अध्यक्षाला शोधत फिरायला लावू नका. बायकांना तयार व्हायला पक्की खोली, शाळेची असली तरी चालंल, तिला आतून कडी आणि जवळ संडास. स्टेजवर चढून हात धरणाऱ्याला खाली उतरवायची जबाबदारी कमिटीची, ढोलकीवाल्याची नाही. आणि कलाकारानं त्याच कागदावर खाली लिहून द्यावं की दुसऱ्या जातीधर्माला, बायकांना शिवी असलेलं गाणं आम्ही म्हणणार नाही, फर्माईश आली तरी नाही, आणि त्यावरून पैसे कापायचे नाहीत. आम्ही असा कागद वापरायला लागलोय. काही मंडळं बघूनच दुसरीकडं जातात, काही सही करतात. सही करणाऱ्यांत बहुतेक छोटी गावं आहेत, जिथं वर्गणी घरोघर फिरून गोळा होते. ज्यांची वर्गणी एकटा कुणीतरी भाऊ, दादा भरतो त्यांची अजून वाट बघतोय.